गोठविलेले तयार भोजन

गोठविलेले तयार भोजन : मांस किंवा तत्सम मुख्य पदार्थ, एखादी भाजी आणि बटाट्यासारखा पिष्टमय पदार्थ आधीच शिजवून, एका व्यक्तीस पुरेल इतक्या प्रमाणात खणांच्या थाळीत मांडून व थाळीसह गोठवून विकले जाणारे, घरी केवळ तापवून खावयाचे संपूर्ण जेवण. सुटे गोठविलेले पदार्थ, उदा., मटार, मासे किंवा फळांचे रस, यांहून ते वेगळे आहे. त्यांत गृहिणीला स्वयंपाकाची कच्ची सामग्री मिळते. येथे स्वयंपाक पूर्ण होऊन ताटच वाढून मिळते. हा प्रकार दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत उदयास आला आणि ‘टीव्ही डिनर’ या नावाने जगभर ओळखला गेला. हे नाव मुळात एका कंपनीचे व्यापारी नाव होते. पुढे ते संपूर्ण प्रकाराचे सामान्यनाम झाले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील कुटुंबव्यवस्था, स्त्रियांचे श्रम, घरगुती यंत्रसामग्री आणि मोठ्या प्रमाणावरील खाद्योद्योग यांचे परस्परसंबंध या एका थाळीत एकत्र आलेले दिसतात. त्यामुळे पाककलेच्या इतिहासापेक्षा सामाजिक इतिहासात तिला अधिक महत्त्व आहे.

पूर्वपीठिका : थंड प्रदेशांत मांस व मासे बर्फात टिकविण्याची पद्धत फार प्राचीन आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यांत्रिक प्रशीतनाचा प्रसार झाला आणि गोठविलेले मांस जहाजांतून दूरच्या बाजारपेठांत जाऊ लागले. तथापि त्या काळी गोठण अतिशय मंद गतीने होत असे. पदार्थ सावकाश गोठला, की त्याच्या पेशींभोवती बर्फाचे मोठे स्फटिक तयार होतात व पेशींची रचना मोडते. असा पदार्थ वितळल्यावर त्यातील रस गळून जातो, तो लिबलिबीत होतो आणि त्याची चवही उतरते. यामुळे गोठविलेले अन्न म्हणजे हलक्या प्रतीचे अन्न, अशी ग्राहकांची समजूत झाली होती व ती निराधार नव्हती.

ही समजूत बदलण्यास क्लॅरेन्स बर्ड्‌झाय (१८८६–१९५६) या अमेरिकन संशोधक-उद्योजकाचे कार्य कारणीभूत झाले. फरच्या व्यापाराच्या निमित्ताने १९१२ ते १९१५ या काळात तो लॅब्राडॉरमध्ये होता. कडाक्याच्या थंडीत आणि वाऱ्यात पाण्याबाहेर काढलेला मासा जवळजवळ तत्काळ गोठतो आणि कित्येक आठवड्यांनी वितळविला, तरी ताज्यासारखा लागतो, हे तेथील इन्युइट लोकांच्या व्यवहारात त्याने पाहिले. गोठण जितके शीघ्र, तितके बर्फाचे स्फटिक सूक्ष्म आणि पेशींची हानी कमी, हे त्यामागील तत्त्व होय. १९२४ मध्ये त्याने मॅसॅचूसेट्स राज्यातील ग्लॉस्टर येथे मासे गोठविण्याचा उद्योग उभारला. वेष्टनात बांधलेले पदार्थ अतिशीत धातुपृष्ठांमध्ये दाबून गोठविण्याची त्याची पद्धत मोठ्या प्रमाणावरील उत्पादनास सोयीची होती. १९२९ मध्ये त्याचा उद्योग व एकस्वे २ कोटी २० लक्ष डॉलरना विकली गेली आणि त्यातून ‘बर्ड्‌झ आय’ हे व्यापारी नाव रूढ झाले. ६ मार्च १९३० रोजी मॅसॅचूसेट्समधील स्प्रिंगफील्ड शहराच्या १८ दुकानांत या पदार्थांची किरकोळ विक्री प्रथम सुरू झाली.

तथापि पदार्थ चांगला गोठविता येणे एवढ्याने भागत नव्हते. कारखान्यातील शीतगृह, रेल्वेचा डबा, घाऊक व्यापाऱ्याची वखार, दुकानातील कपाट आणि घरातील प्रशीतक या सर्व टप्प्यांत तापमान सारखे खाली राहिले पाहिजे. या शीतशृंखलेचा एक दुवा निखळला, तरी आधीचे सर्व श्रम वाया जातात. दुकानांसाठी स्वस्त प्रशीतन कपाटे १९३५ च्या सुमारास भाड्याने मिळू लागली. गोठविलेल्या मालासाठी रेल्वेचे खास डबे १९४४ मध्ये वापरात आले. युद्धकाळात धातूच्या टंचाईमुळे डबाबंद पदार्थ दुर्मिळ झाले आणि पुठ्ठ्याच्या वेष्टनात मिळणाऱ्या गोठविलेल्या पदार्थांकडे ग्राहक वळले. युद्ध संपताच नव्या घरांबरोबर बर्फकप्पा असलेले प्रशीतकही घरोघर आले. संपूर्ण भोजन गोठवून विकण्याची कल्पना व्यवहार्य ठरली, ती ही साखळी पुरी झाल्यावरच.

आद्य प्रयत्न : संपूर्ण गोठविलेल्या भोजनाचा पहिला यशस्वी उपयोग घरात नव्हे, तर विमानात झाला. विल्यम एल्. मॅक्सन याच्या कंपनीने १९४४–४५ च्या सुमारास लष्करी व प्रवासी विमानांसाठी ‘स्ट्रॅटो-प्लेट’ नावाची तीन खणांची ताटली तयार केली. मांस, भाजी आणि बटाटा अशी त्या ताटलीची मांडणी होती. विमानात स्वयंपाकास जागा नसते. म्हणून जमिनीवर शिजवून गोठविलेले अन्न आकाशात तापवून देणे सोयीचे ठरले. हे जेवण किरकोळ बाजारात आणण्याचा मॅक्सनचा मानस होता. परंतु आर्थिक अडचणी आणि त्याचा मृत्यू यांमुळे तो सिद्धीस गेला नाही. तथापि तीन खणांचे सूत्र त्याने घालून दिले व ते पुढे बहुतेकांनी स्वीकारले.

यानंतर जॅक फिशर याने ॲल्युमिनियमच्या थाळ्यांतील ‘फ्रिजिडिनर’ मद्यगृहांना पुरविण्यास आरंभ केला. मद्यगृहात स्वतंत्र स्वयंपाकी ठेवण्याचा खर्च त्यामुळे वाचत असे. १९४९ मध्ये ॲल्बर्ट व मायर बर्नस्टाइन या बंधूंनी पिट्सबर्ग येथे कंपनी स्थापून तीन खणांच्या ॲल्युमिनियम थाळीतील भोजन थेट ग्राहकांना विकले. १९५० पर्यंत त्यांच्या ४ लक्ष थाळ्या पिट्सबर्गच्या परिसरात खपल्या. १९५२ मध्ये त्यांनी आपला व्यवसाय पूर्वेकडील अन्य बाजारपेठांत वाढविला आणि १९५४ पर्यंत त्यांची विक्री २५ लक्षांवर पोहोचली. म्हणजे ज्या कंपनीला या प्रकाराचे जनकत्व सामान्यतः दिले जाते, ती क्षेत्रात उतरण्यापूर्वीच थाळी, तिचे खण, तिचा धातू आणि तिचा ग्राहक ही सर्व सिद्ध झालेली होती.

स्वॉन्सन कंपनी : नेब्रॅस्का राज्यातील ओमाहा येथील या कंपनीचा उगम १८९९ मध्ये स्थापन झालेल्या शेतमालाच्या एका आडत-पेढीत आहे. स्वीडनहून तरुणपणी आलेला कार्ल स्वॉन्सन हा तिच्या संस्थापक भागीदारांपैकी एक होता. लोणी, अंडी आणि कोंबड्या यांच्या व्यापारातून पेढी वाढली आणि दुसऱ्या महायुद्धात तिने सैन्याला कोंबड्या, टर्की पक्षी व अंडी पुरविली. १९४९ मध्ये कार्लच्या मृत्यूनंतर गिल्बर्ट व क्लार्क या त्याच्या मुलांकडे कारभार आला. टर्कीच्या व्यापारात कंपनीचे स्थान अग्रगण्य होते. परंतु अमेरिकन कुटुंबात हा पक्षी मुख्यत्वे नोव्हेंबरमधील थँक्सगिव्हिंगच्या सणाला शिजविला जाई. वर्षातून एकदोनदाच मागणी असलेल्या मालाला बारमाही गिऱ्हाईक कसे मिळवावे, हा कंपनीपुढचा मूळ प्रश्न होता. १९५१ मध्ये तिने कोंबडी, टर्की व गोमांस यांच्या गोठविलेल्या, कणकेच्या कवचातील ‘पॉट पाय’ बाजारात आणल्या. त्या यशस्वी झाल्यावर संपूर्ण थाळीची योजना पुढे आली.

१९५३ च्या अखेरीस चाचणीदाखल व १९५४ मध्ये देशभर विकल्या गेलेल्या पहिल्या थाळीत रस्सा घातलेल्या टर्कीच्या चकत्या, मक्याच्या पावाचे सारण, मटार आणि रताळी होती. किंमत ९८ सेंट होती. थाळी ४२५° फॅ. (सु. २१८° से.) तापमानाच्या भट्टीत २५ मिनिटे ठेवली, की जेवण तयार होत असे. पहिली मागणी केवळ ५,००० थाळ्यांची होती. आइस्क्रीमच्या पळ्या घेतलेल्या सु. दोन डझन स्त्रियांनी त्या हातांनी भरल्या, असे सांगितले जाते. १९५४ या पहिल्या पूर्ण वर्षात मात्र १ कोटीहून अधिक थाळ्या खपल्या. तळलेली कोंबडी, सॅल्सबरी स्टेक, मांसाची वडी असे प्रकार लवकरच त्यात जोडले गेले. यांपैकी सॅल्सबरी स्टेक हे नाव जेम्स सॅल्सबरी या एकोणिसाव्या शतकातील आहारविषयक मते मांडणाऱ्या डॉक्टरावरून पडले आहे. १९५५ मध्ये कॅम्बेल सूप कंपनीने स्वॉन्सन कंपनी विकत घेतली.

श्रेयाचा वाद : या भोजनाची कल्पना कोणाची, याविषयी मतभेद आहेत. कंपनीचा विक्री-प्रतिनिधी गेरी टॉमस याने सांगितलेली कथा सर्वांत प्रसिद्ध आहे. थँक्सगिव्हिंगनंतर सु. २६० टन टर्की उरली. साठवणीस जागा नसल्याने ती दहा प्रशीतित रेल्वे डब्यांत भरून देशभर फिरत ठेवावी लागली. आणि एका विमान कंपनीसाठी बनविलेली धातूची थाळी पाहून आपल्याला उपाय सुचला, असे त्याचे म्हणणे होते. ही कथा वृत्तपत्रांतून व पुस्तकांतून वारंवार छापली गेली. स्वॉन्सन कुटुंबीयांनी मात्र तिचा इन्कार केला. कंपनीत सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञ म्हणून काम केलेल्या बेटी क्रोनिन यांनीही कल्पनेचे श्रेय स्वॉन्सन बंधूंना दिले. २००३ मध्ये लॉस अँजेल्स टाइम्स या वृत्तपत्राने टॉमसच्या कथनातील विसंगती उघड केल्या. २००५ मध्ये टॉमसचा मृत्यू झाला.

हा वाद केवळ व्यक्तींच्या मानापमानाचा नाही. रेल्वे डब्यांची कथा लोकप्रिय झाली, कारण तीत संकट, योगायोग आणि एका माणसाची हुशारी आहे. प्रत्यक्षात मॅक्सन, फिशर व बर्नस्टाइन बंधू यांचे पूर्वप्रयोग, शीतशृंखलेची उभारणी आणि शिजविलेले अन्न सुरक्षित व चवदार ठेवण्यासाठी प्रयोगशाळांत झालेले काम यांवाचून ही थाळी संभवत नव्हती. शोधाचे श्रेय विक्री करणाऱ्यास सहज मिळते. भाजी किती शिजवावी हे ठरविणाऱ्याचे नाव मागे पडते, याचे हे एक बोलके उदाहरण होय. स्वॉन्सन कंपनीचे वैशिष्ट्य शोधात नव्हे, तर व्यापारी नाव, देशव्यापी वितरण आणि जाहिरात यांच्या संयोगात होते.

तांत्रिक प्रश्न : एका थाळीतील तीन पदार्थांची घनता, जाडी व जलांश भिन्न असतात, तरी ते एकाच भट्टीत, एकाच वेळात सारखे तापले पाहिजेत. मांसाचा मध्यभाग पुरेसा गरम होईपर्यंत मटार करपता कामा नयेत. यासाठी प्रत्येक पदार्थ कारखान्यात कोणत्या मर्यादेपर्यंत शिजवावयाचा, हे प्रयोगाने ठरवावे लागले. बेटी क्रोनिन यांच्या कामाचा हा मुख्य भाग होता. तळलेल्या कोंबडीचे आवरण गोठविल्यानंतर चिकटून राहावे व तापविल्यावर ओलसर होऊ नये, हाही एक बिकट प्रश्न होता.

भाज्या गोठविण्यापूर्वी थोडा वेळ उकळत्या पाण्यात वा वाफेत धरतात. त्यामुळे त्यांतील एंझाइमे निष्क्रिय होतात. अन्यथा गोठविलेल्या अवस्थेतही त्यांची क्रिया मंदपणे चालू राहून रंग व चव बिघडते. शिजविलेल्या मांसातील मेदाचे हवेमुळे ऑक्सिडीभवन होऊन त्यास खवट वास येतो. चकत्यांवर रस्सा घातल्याने हवेशी संपर्क कमी होतो आणि मांस कोरडे पडत नाही. म्हणजे टर्कीवरील रस्सा हा रुचीइतकाच संरक्षणाचाही भाग होता. परंतु रस्सा स्वतःच गोठविल्यावर फुटत असे. साधे गव्हाचे पीठ घालून दाट केलेल्या रश्श्यातील पाणी वितळताना वेगळे होई. कॅलिफोर्नियातील ऑल्बनी येथील अमेरिकन कृषिखात्याच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत चिकट जातीच्या तांदळाचे पीठ वापरून हा दोष बऱ्याच अंशी दूर करण्यात आला. याच प्रयोगशाळेने १९४८ पासून काळ व तापमान यांचा गोठविलेल्या पदार्थांच्या प्रतीवर होणारा परिणाम पद्धतशीरपणे तपासला. ०° फॅ. (सु. −१८° से.) किंवा त्याखालील तापमानात साठवण करावी, या उद्योगात रूढ असलेल्या दंडकाला त्या संशोधनाने भक्कम आधार मिळाला. गोठण सूक्ष्मजंतूंची वाढ थांबविते. परंतु सर्व सूक्ष्मजंतूंचा नाश करीत नाही. म्हणूनच शिजविण्यापासून गोठविण्यापर्यंतचा काळ कमीत कमी ठेवणे आणि खाण्यापूर्वी पदार्थ आतपर्यंत गरम करणे या गोष्टी आवश्यक मानल्या जातात.

ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याची थाळी हा या रचनेचा कणा होता. ॲल्युमिनियम उष्णता झटपट वाहून नेते, गोठण व तापविणे या दोन्ही टोकांच्या तापमानांत टिकते, वजनाला हलके असते आणि वापरून टाकून देण्याइतके स्वस्त पडते. युद्धकाळात विमानांसाठी वाढविलेली ॲल्युमिनियमची उत्पादनक्षमता शांततेच्या काळात नवे उपयोग शोधीत होती. खाद्यपदार्थांची वेष्टने हा त्यांपैकी एक होय.

लोकप्रियतेची कारणे : पहिले कारण दूरचित्रवाणी. १९५० मध्ये अमेरिकेतील सु. ९ टक्के घरांत दूरचित्रवाणी संच होता. १९५५ मध्ये हे प्रमाण सु. ६५ टक्के आणि १९६० मध्ये सु. ८७ टक्के झाले. स्वॉन्सन कंपनीने आपल्या भोजनास या नव्या यंत्राचे नाव दिले व खोक्याची सजावटही लाकडी चौकटीच्या, बटणे असलेल्या संचासारखी केली. संचाच्या पडद्याच्या जागी जेवणाचे चित्र होते. थाळी मांडीवर अथवा घडीच्या छोट्या मेजावर ठेवून कार्यक्रम पाहता पाहता खाता येई. तथापि नावामुळे होतो तसा समज करून घेणे बरोबर नाही. हे जेवण नेहमीच्या मेजावरही खाल्ले जात होते आणि १९६० नंतरच्या दशकात कंपनीने आपल्या वेष्टनावरून ते नाव काढूनही टाकले. नव्या वस्तूला आधुनिकतेचे तेज देणे हा नावाचा मूळ हेतू होता.

दुसरे कारण स्त्रियांच्या वेळेचे. अमेरिकेतील प्रौढ स्त्रियांपैकी अर्थार्जनाच्या क्षेत्रात असलेल्यांचे प्रमाण १९५० मध्ये सु. ३४ टक्के होते, ते १९६० मध्ये सु. ३८ टक्के झाले. बाहेर काम करून घरी परतलेल्या स्त्रीकडूनही सायंकाळच्या पूर्ण जेवणाची अपेक्षा कायम होती. तयार थाळीने स्वयंपाकाचा आणि भांडी घासण्याचा वेळ वाचविला. परंतु श्रम नाहीसे झाले नाहीत. ते घरातून कारखान्यात गेले. तेथेही आरंभी पळीने थाळ्या भरणारे हात स्त्रियांचेच होते. फरक एवढाच, की या श्रमाला वेतन होते.

तिसरे कारण जेवणाच्या स्वरूपात आहे. थाळीतील पदार्थ नवे वा परके नव्हते. टर्की, सारण, रस्सा आणि रताळी हे सणाचे जेवण; मांसाची वडी वा तळलेली कोंबडी आणि बटाटे हे रविवारचे घरगुती जेवण. सणाला अनेक तास खपून जे सिद्ध होई, ते आडवारी २५ मिनिटांत समोर येऊ लागले. उत्पादनाची पद्धत पूर्णपणे नवी आणि पदार्थ पूर्णपणे जुने, या संयोगामुळे ग्राहकाचा संकोच कमी झाला. खणांच्या मांडणीचेही स्वतंत्र आकर्षण होते. प्रत्येक पदार्थाची जागा ठरलेली, एकाचा रस दुसऱ्यात मिसळत नाही आणि प्रत्येकाला सारखाच वाटा मिळतो, याची मुलांना विशेष गंमत वाटे. १९६० मध्ये चौथा खण वाढवून त्यात गोड पदार्थ देण्यात आला, तेव्हा ही मांडणी पूर्ण झाली.

चौथे कारण एकटेपणाचे. विधुर, अविवाहित, वृद्ध आणि पाळीत काम करणारे कामगार यांना एका माणसापुरता पूर्ण स्वयंपाक करणे परवडत नाही व जमतही नाही. कुटुंबाचे चित्र छापलेल्या जाहिरातींत हा ग्राहक क्वचितच दिसतो. परंतु या उद्योगाला त्याचा स्थिर आधार लाभला.

टीका : या भोजनावर आरंभापासून दोन बाजूंनी टीका झाली. पहिली टीका रुचीची. मऊ पडलेले मटार, एकसुरी रस्सा, कडेला तापलेले व मध्ये थंड राहिलेले बटाटे ही तक्रार सर्वपरिचित होती. दुसरी टीका अधिक खोल होती. मेजाभोवती एकत्र बसून, एकाच पातेल्यातील अन्न वाटून घेत बोलणे हा कुटुंबजीवनाचा गाभा आहे व स्वतंत्र थाळी आणि समोरचा पडदा यांनी तो मोडला, असे टीकाकारांचे म्हणणे होते. यात तथ्य आहे. पण सारा दोष थाळीकडे जात नाही. कामाच्या वेळा, शहराबाहेरील वसाहतींतून होणारा लांबचा प्रवास आणि प्रत्येकाचे वेगळे वेळापत्रक यांनी जेवणाची वेळ आधीच विस्कटली होती. थाळीने ती विस्कट सुसह्य केली आणि त्यामुळेच ती कायमही केली, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. एकत्र जेवणाचा जो आदर्श मोडल्याची खंत व्यक्त होते, तो उभा ठेवण्यासाठी घरातील एका व्यक्तीला रोज किती तास स्वयंपाकघरात घालवावे लागत, याचा हिशेब त्या टीकेत सहसा नसतो.

पुढे आहारशास्त्रीय आक्षेपांना महत्त्व आले. चव व टिकाऊपणा यांसाठी घातलेले मीठ हा त्यांतील प्रमुख आक्षेप होय. प्रौढ व्यक्तीने दिवसाला २ ग्रॅमपेक्षा कमी सोडियम, म्हणजे सु. ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ घ्यावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. मोठ्या आकाराच्या काही थाळ्यांत यातील निम्म्याहून अधिक वाटा एकाच जेवणात येतो. वापरून टाकलेल्या थाळ्यांचा कचरा हा आणखी एक प्रश्न आहे.

नंतरचे बदल : १९६९ मध्ये गोठविलेली न्याहारी व १९७३ मध्ये अधिक भुकेच्या पुरुषांसाठी ‘हंग्री-मॅन’ ही मोठी थाळी आली. क्लीव्हलंड येथील उपाहारगृहांतून वाढलेल्या स्टौफर कंपनीने १९५४ मध्ये गोठविलेल्या पदार्थांच्या उद्योगात प्रवेश करून उंची जेवणाचा वर्ग निर्माण केला. १९६९ मध्ये चंद्रावरून परतलेल्या अपोलो-११ च्या अंतराळवीरांना विलग्नवासात याच कंपनीचे पदार्थ देण्यात आले होते.

सूक्ष्मतरंग भट्टीने या उद्योगाचे रूप पालटले. रडारवर काम करणाऱ्या पर्सी स्पेन्सर याने १९४५ मध्ये सूक्ष्मतरंगांचा स्वयंपाकासाठी उपयोग दाखविला होता. परंतु घरात मावणारी, मेजावर ठेवण्याजोगी अमाना कंपनीची भट्टी १९६७ मध्ये ४९५ डॉलर किंमतीस आली. या भट्टीत धातूची थाळी निरुपयोगी ठरते, कारण धातू सूक्ष्मतरंग परावर्तित करतो. १९८६ मध्ये कॅम्बेल कंपनीने सूक्ष्मतरंग भट्टीत चालणारी प्लॅस्टिकची थाळी स्वीकारली आणि ॲल्युमिनियमच्या थाळीचे युग ओसरले. जवळजवळ त्याच सुमारास मूळ थाळी वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात दाखल झाली. तापविण्याचा वेळ अर्ध्या तासावरून काही मिनिटांवर आला. मात्र भट्टीच्या कोरड्या उष्णतेने येणारा खरपूसपणा गेला.

आरोग्याविषयीच्या जाणिवेतून १९८१ मध्ये प्रत्येकी ३०० कॅलरींहून कमी उष्मांकाच्या दहा पदार्थांची ‘लीन क्विझीन’ ही मालिका आली. कॉनॅग्रा कंपनीचा प्रमुख चार्ल्स हार्पर यास १९८५ मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यानंतर तिने कमी मेद व कमी मिठाची ‘हेल्दी चॉइस’ मालिका तयार केली. ती १९८९ मध्ये सर्वत्र विक्रीस आली. ब्रिटनमध्ये १९७९ मध्ये मार्क्स अँड स्पेन्सर या दुकानसाखळीने न गोठविता केवळ थंड ठेवलेला ‘चिकन कीव्ह’ विकावयास काढला आणि तयार जेवणाचा एक वेगळा, अल्पायुषी परंतु अधिक ताजा प्रकार रूढ झाला. स्वॉन्सनचा गोठविलेल्या भोजनाचा व्यवसाय १९९८ मध्ये कॅम्बेल कंपनीपासून वेगळा झाला. पुढे तो पिनॅकल फूड्स या कंपनीकडे गेला आणि २०१८ मध्ये कॉनॅग्राने ती कंपनी विकत घेतली. २०२० च्या कोविड-१९ महामारीत उपाहारगृहे बंद असताना गोठविलेल्या पदार्थांना पुन्हा मोठी मागणी आली.

भारताशी संबंध : ताटात मांडलेल्या गोठविलेल्या भोजनाचा भारतात अमेरिकेइतका प्रसार झाला नाही. ताजे शिजविलेले अन्न खाण्याचा संस्कार, अखंड शीतशृंखलेचा अभाव आणि अनियमित वीजपुरवठा ही त्याची प्रमुख कारणे होत. म्हैसूर येथील संरक्षण खाद्य संशोधन प्रयोगशाळेने (स्थापना १९६१) सैनिकांसाठी विकसित केलेले, लवचिक पाकिटात निर्जंतुक केलेले तयार पदार्थ येथील परिस्थितीला अधिक अनुरूप ठरले. त्यांना साठवणीसाठी थंडीची गरज नसते आणि पुढे ते तंत्र नागरी उद्योगांनाही मिळाले. गोठविलेल्या भारतीय जेवणाचा खरा विकास परदेशात झाला. १९७७ मध्ये न्यू जर्सीत स्थापन झालेली डीप फूड्स ही अमीन कुटुंबाची कंपनी याचे उदाहरण होय. अमेरिकेतील भारतीय किराणा दुकानांत भात, डाळ व भाजी यांच्या खणांच्या थाळ्या आणि गोठविलेल्या पोळ्या व पराठे मिळतात, आणि मराठी भाषकांसह तेथील भारतीय कुटुंबांच्या व एकट्या राहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या रोजच्या जेवणाची सोय त्यांतून होते. टर्कीच्या जागी डाळ आली. परंतु घरचे परिचित जेवण, एका माणसापुरते व थोड्या वेळात, ही १९५४ च्या थाळीमागील गरज मात्र तीच राहिली आहे.